ससाण्याची शाळा

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो,

थंडी सुरू झाली की कतारमध्ये ससाण्यांचे दिवस येतात. मध्यंतरी आपल्या शुक्रवारच्या वर्गातली काही मुले घरच्यांबरोबर सूक वाकिफमधल्या ससाण्यांच्या बाजारात जाऊन आली. तिथे बुटक्या खुंटांवर ससाणे ओळीने बसलेले असतात, डोळ्यांवर चामड्याची चिमुकली टोपी घालून. जवळच त्यांचा स्वतंत्र दवाखानाही आहे. पुढच्या शुक्रवारी वर्गात त्याच गप्पा चालल्या होत्या. तेवढ्यात एका मुलाने विचारले, "बाई, शिकारीला सोडल्यावर तो उडून का जात नाही? तेव्हा तर त्याला कुणी बांधलेलं नसतं!"

मला उत्तर येईना. "पुढच्या अंकात सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली. मग घरी वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आले की हे उत्तर नुसते ससाण्यापुरते नाही. ते आपल्या घराबद्दल आणि आपल्या मराठीच्या वर्गाबद्दलही बरेच काही सांगते. म्हणून हा लेख थोडा मुलांसाठी आहे आणि थोडा आईबाबांसाठी.

ससाणा कसा शिकतो?

इथे प्रामुख्याने दोन जातींचे ससाणे पाळतात. एकाला अरबीत 'हुर' म्हणतात आणि दुसऱ्याला 'शाहीन'. शाहीन म्हणजे आपला बहिरी ससाणा. आकाशातून सूर मारताना तो ताशी ३०० किलोमीटरपेक्षाही जास्त वेग घेतो. ससाणा सांभाळणाऱ्या माणसाला 'सक्कार' म्हणतात. ही कला फार जुनी आहे. २०१० साली कतारसह ११ देशांची ही परंपरा युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

नवा ससाणा घरी येतो तेव्हा तो माणसाला घाबरतो. म्हणून त्याच्या डोळ्यांवर टोपी घालतात. तिचे अरबी नाव 'बुर्कु'. ओळखीचे वाटते ना? आपला 'बुरखा' हा शब्द त्याच अरबी शब्दावरून आला आहे. दिसले नाही की ससाणा शांत बसतो. ही टोपी युरोपला अरबांकडून मिळाली, असे १३व्या शतकातल्या दुसऱ्या फ्रेडरिक या सम्राटाने आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे. आणि हे आपल्याकडे अगदीच परके नव्हते बरे का! कोल्हापूरच्या छत्रपतींकडे शिकारीसाठी शिकवलेले चित्ते असत. त्यांचेही डोळे असेच झाकून ठेवत.

पुढचा धडा मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत. सक्कार ससाण्याला हातावर घेऊन तासन् तास बसतो. भोवती माणसे बोलत असतात, चहा चालू असतो, मुले ये-जा करत असतात. मधूनच सक्कार टोपी काढतो, मांसाचा एक तुकडा देतो आणि टोपी पुन्हा घालतो. उद्या टोपी थोडा जास्त वेळ काढायची, परवा आणखी थोडा. हळूहळू ससाण्याला कळते की माणसांची गर्दी म्हणजे संकट नव्हे, इथे तर जेवण मिळते.

मग पायरी पायरीने पुढे जायचे. आधी मान वाकवून तुकडा घ्यायचा. मग त्यासाठी एक पाऊल टाकायचे. मग खुंटावरून हातावर उडी मारायची. मग पायाला लांब दोरी बांधून थोडे अंतर उडत यायचे. अंतर रोज वाढते, आणि दर वेळी सक्कारची हाक मात्र तीच असते. पुढे 'तिलवाह' येतो. तिलवाह म्हणजे दोरीला बांधलेला पिसांचा झुबका. त्याला मांस बांधून तो हवेत गरगर फिरवतात आणि ससाणा त्यावर झेपावतो. सगळे नीट जमले की एक दिवस पायाची दोरी सोडतात. जाणत्या सक्काराला या सगळ्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ससाण्याचे रोज वजन करतात. पोट गच्च भरलेले असेल तर तो हाकेला येत नाही, आणि उपाशी ठेवला तर अशक्त होतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ससाण्याला कधीही मारत नाहीत, त्याच्यावर ओरडतही नाहीत. तो एकट्याने राहणारा पक्षी आहे. मालक रागावला म्हणून त्याची मनधरणी करणे त्याच्या स्वभावात नाही. एकदा मार बसला की त्या हाताशी मार जोडला जातो, आणि मग तो खरोखरच उडून जातो.

तर आपल्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर असे: ससाणा परत येतो, कारण परत आल्यावर दर वेळी त्याचे भले झालेले असते. तरीही एखादा जातोच. म्हणून हल्ली त्याच्या अंगावर ठावठिकाणा सांगणारे छोटेसे यंत्र लावतात.

पाव्हलॉव्हचा कुत्रा आणि आपला कुकर

सक्काराला जे अनुभवाने माहीत होते, त्याचे नियम शास्त्रज्ञांनी गेल्या सव्वाशे वर्षांत शोधून काढले. त्यातला पहिला नियम रशियाच्या इव्हान पाव्हलॉव्ह यांचा. ते खरे तर पचनसंस्थेचा अभ्यास करत होते आणि त्यासाठीच त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आले की कुत्र्याच्या तोंडाला अन्न पाहण्याआधीच, अन्न आणणाऱ्या माणसाची चाहूल लागल्यावरच लाळ सुटते. मग त्यांनी मुद्दाम अन्न देण्याआधी ठोके देणारे मेट्रोनोम यंत्र लावायला सुरुवात केली. काही दिवसांनी नुसत्या ठोक्यांनीच लाळ सुटू लागली. ठोक्यांना काही चव नसते, पण ते अन्नाशी जोडले गेले. याला 'अभिजात अभिसंधान' असे भारदस्त नाव आहे. अभिसंधान म्हणजे जोडणी.

तुम्हाला हे घरबसल्या पाहता येईल. कुकरची तिसरी शिट्टी झाली की भूक लागते की नाही? शिट्टी काही खाता येत नाही. पण शिट्टीमागून वरणभात येतो, हे पोटाला पाठ झालेले असते. सक्कारची हाकही ससाण्यासाठी तशीच शिट्टी आहे.

भीतीचीही अशीच जोडणी होते, आणि ती सोडवताही येते. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलावर केलेल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीत लांब ठेवायचा आणि पुढे थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी त्या मुलाने सशाला हात लावला. मजलिसमध्ये बसलेल्या ससाण्याचा धडा आठवला ना? तोच हा.

स्किनर यांची शनिवारची दुपार

दुसरा नियम असा: एखादी गोष्ट केल्यावर लगेच काय घडते, यावर ती गोष्ट आपण पुन्हा करणार की नाही हे ठरते. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवर हे दाखवले. दार उघडणारी दोरी मांजराच्या पायात आधी चुकून अडकते. पुढच्या वेळी ती जरा लवकर ओढली जाते, नंतर आणखी लवकर. अमेरिकेतल्या बी. एफ. स्किनर यांनी यावर आयुष्यभर काम केले. त्यांच्या पेटीतला उंदीर एक दांडी दाबायचा आणि त्याला खाऊची गोळी मिळायची. याला 'साधक अभिसंधान' म्हणतात, आणि दांडी दाबण्याची सवय पक्की करणाऱ्या गोळीला 'प्रबलन'. ससाण्याला आधी मान, मग पाऊल, मग उडी असे शिकवतात, तसेच स्किनर यांनी कबुतरांना पायरी पायरीने चक्क टेबल टेनिससारखा खेळ शिकवला होता.

त्यांनी लिहिलेली एक गंमत सांगते. त्या गोळ्या त्यांना स्वतःलाच तयार कराव्या लागत. एका शनिवारी दुपारी त्यांनी पाहिले तर गोळ्या संपत आलेल्या. सुट्टीचा दिवस गोळ्या वळण्यात कोण घालवणार? त्यांनी ठरवले की दर वेळी गोळी द्यायचीच नाही, मधून मधून द्यायची. उंदीर दांडी दाबतच राहिले. पुढे असे दिसून आले की ज्याला दर वेळी बक्षीस मिळते तो ते बंद झाल्यावर लवकर थांबतो, पण ज्याला कधीमधीच मिळते तो फार चिवट होतो. 'आत्ता नाही मिळालं, पुढच्या वेळी मिळेल' अशी आशा त्याला लागून राहते.

पालकहो, आता सुपरमार्केटमधला पैसे भरण्याचा काउंटर डोळ्यांसमोर आणा. मूल चॉकलेटसाठी रडते. आपण चार वेळा 'नाही' म्हणतो आणि पाचव्या वेळी लोक बघतात म्हणून देऊन टाकतो. आपल्याला वाटते, चार वेळा तरी ठाम राहिलो. प्रत्यक्षात आपण मुलाला शिकवलेले असते की पाच वेळा रडावे लागते. खरोखर थांबायचे ठरवले की सुरुवातीला रडणे वाढते, हेही माहीत असू द्या. तेव्हाच आपला धीर सुटतो. तो सुटू दिला नाही, तर रडणे हळूहळू विरते. याला 'विलोपन' म्हणतात.

यात आणखी एक मेख आहे. गाडीत पट्टा लावेपर्यंत टिंग टिंग वाजत राहते. पट्टा लावला की थांबते. आखातातल्या अनेक गाड्या ताशी १२० च्या पुढे गेल्यावरही अशाच वाजतात, आणि आपला पाय आपोआप सैल पडतो. त्रास थांबतो म्हणून सवय पक्की होते, हेही एक प्रबलनच आहे. चॉकलेट दिल्यावर रडणे थांबते आणि आपल्याला हायसे वाटते. म्हणजे त्या काउंटरपाशी मूल चॉकलेट मागायला शिकत असते, आणि आपण चॉकलेट द्यायला शिकत असतो. कोण कुणाला शिकवते आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे!

आमच्या घरातली गोष्ट

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला बसले, ते सांगते.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही साताऱ्याला आजीला फोन करतो. मागच्या वर्षी एकदा ती धावत आली आणि फोनवर ओरडली, "आजी, मी काल मोठा मांजर बघितला!" तिचे बाबा हसले. मी हसले. तिकडे आजीही हसली. मी तिथल्या तिथे सुधारले, "मोठा नाही, मोठं. बघितला नाही, बघितलं." पुढे दोन दिवस आमच्या घरात 'मोठा मांजर' हा विनोद चालू होता. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हते. उलट आम्हाला तिचे कौतुकच वाटत होते.

पण मांजराचे पुढे काय झाले, ते कुणी विचारलेच नाही.

त्यानंतर आजीशी तिचे बोलणे आखडत गेले. 'हो.' 'नाही.' 'बरी आहे.' काही महिन्यांनी ती आजीशी इंग्रजीत बोलू लागली. आजी फोन माझ्याकडे द्यायला सांगायची आणि विचारायची, "काय म्हणाली गं ती?" आमच्या वर्गातल्या कितीतरी घरांत हेच चालले आहे, आणि आपण सगळे म्हणतो की काय करणार, शाळाच इंग्रजी.

ससाण्याचे वाचताना मला आमचे घर दिसले. माझी मुलगी मराठीत बोलली की काय घडत होते? हसू आणि दुरुस्ती. इंग्रजीत बोलली की? ताबडतोब उत्तर, पाणी, दप्तर, जे मागेल ते. ती तशी वागली यात तिचे काय चुकले? जिथे काही मिळते तिकडे कुणीही जाईल.

आणि वर्गातली माझी चूकही सांगितली पाहिजे. उशिरा येणाऱ्या मुलांना मी शिक्षा म्हणून बाराखडी पाच वेळा लिहायला लावत असे. म्हणजे ज्या अक्षरांची गोडी लावायची, तीच अक्षरे मी शिक्षेशी जोडत होते. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यालाही कळले असते, ते बाईंना कळले नाही! ते मी आता बंद केले आहे. उशिरा येणाऱ्याची गोष्ट ऐकायची राहून जाते, तेवढे पुरे.

मग बक्षीस द्यावे का?

"मराठीत बोललास तर पाच रियाल देईन," असे काही घरांत ठरते, हे मला माहीत आहे. इथे सावध राहायला हवे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत प्रयोग केला. चित्रे काढायला मनापासून आवडणारी मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर छानसे प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना आधी न सांगता दिले, आणि काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिले तर प्रशस्तिपत्राच्या आशेने चित्रे काढलेली मुले आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत होती. आवडीचा खेळ त्यांना काम वाटू लागला होता.

म्हणून बोलण्याचे बक्षीस बोलण्याच्या आतच असावे. मूल काही सांगते, कारण कुणीतरी ऐकावे असे त्याला वाटते. आपण कान देऊन ऐकले, पुढे काय झाले असे विचारले, तर तेच बक्षीस. त्याला रियाल लागत नाहीत. फक्त हातातला फोन खाली ठेवावा लागतो.

आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या. एक, आधी मुद्द्याला उत्तर द्यायचे आणि बरोबर रूप आपल्या वाक्यात आणायचे. "मोठा मांजर बघितला" असे ती म्हणाली तर "मोठं मांजर? कुठे बघितलंस?" एवढेच. दोन, आजीनेही हसायचे नाही, पुढचा प्रश्न विचारायचा. तीन, इंग्रजीत बोलली म्हणून रागवायचे नाही. "मराठीत म्हण, मगच पाणी मिळेल," असेही करायचे नाही. नाहीतर मराठी तहानेशी जोडली जाईल.

पण मूल म्हणजे ससाणा नव्हे

इथे कुणी म्हणेल, बाई आमच्या मुलांना पक्षी समजतात की काय! तसे नाही. ससाण्याची गोष्टसुद्धा सगळी बक्षिसाने होत नाही. स्किनर यांचेच विद्यार्थी केलर आणि मेरियन ब्रेलँड यांनी १९६१ साली लिहिले की रकून नावाच्या प्राण्याला त्यांनी नाणी पेटीत टाकायला शिकवले, पण तो नाणी टाकायची सोडून ती एकमेकांवर घासतच बसे. खाऊ हाताळताना तो करतो तसे. प्रत्येक प्राण्याचा स्वभाव असतो आणि शिकणे त्या स्वभावाच्या वाटेनेच जाते.

माणसाच्या मुलाचा स्वभाव म्हणजे नियम शोधणे. १९५९ साली नोम चॉम्स्की यांनी स्किनर यांच्या भाषेवरच्या पुस्तकावर कडक टीका केली. मुले न ऐकलेली वाक्येही स्वतः तयार करतात, ती नुसत्या बक्षिसाने कशी येतील, असा त्यांचा रोख होता. आता 'मोठा मांजर बघितला' हे वाक्य पुन्हा पाहा. असे आमच्या घरात कुणीच म्हणत नाही. मग ती कुठून शिकली? मोठा कुत्रा, मोठा घोडा, मोठा उंट यांवरून तिने स्वतः नियम काढला आणि 'मोठा' आहे म्हणून पुढे 'बघितला'ही बरोबर जुळवले. म्हणजे ज्या वाक्याला आम्ही हसलो, ते तिने डोके लावून केलेले व्याकरण होते. नियम शोधायला मुलाला आपण शिकवावे लागत नाही. पण शोधलेला नियम बोलून पाहण्याचे धैर्य मात्र आपल्या वागण्याने टिकते किंवा जाते.

मागच्या शुक्रवारी फोन झाला. आमच्या इमारतीखाली एका मांजरीने पिल्ले घातली आहेत. मुलीने आजीला सगळे सांगितले: किती आहेत, कोणते काळे, कोणते पांढरे, दूध कोण देते. त्यात चुका होत्या. मी मोजल्या नाहीत. आजी म्हणाली, "मग पुढे?" आणि ती पुढे सांगत राहिली.

घरचा अभ्यास

मुलांसाठी: तुमच्या घरात 'कुकरच्या शिट्टी'सारखी आणखी कोणती जोडणी आहे, ती शोधून पाच ओळी लिहा. चुका झाल्या तरी चालतील.

आईबाबांसाठी: एक आठवडाभर मूल मराठीत बोलल्यावर पहिल्या क्षणाला आपण काय करतो, ते एका कागदावर टिपून ठेवा. हसलो, सुधारले, ऐकले, की फोनमध्येच बघत राहिलो? कागद वर्गात आणायची गरज नाही. आपल्यापुरता वाचला तरी पुरे.

— तुमच्या वर्गाच्या बाई